छडी गेली, आता मर्यादा कोठे?

गेल्या गणेश चतुर्थीला आमच्या घरी नातेवाईक जमले होते. आरती झाली, जेवणे झाली आणि व्हरांड्यात गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता विषय शाळेवर आला आणि गप्पांचे भांडण केव्हा झाले ते कोणाला कळलेच नाही.

माझी पुतणी एका कॉलेजात शिकविते. नववीच्या वर्गात ती फळ्यावर लिहीत असताना एक मुलगा मोबाइलवर तिचे चित्रण करीत होता आणि बाकीची मुले हसत होती. तिने मोबाइल मागितला. त्याने दिला नाही. उलट बाक ढकलून तो दाराकडे निघाला. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसविले. दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील रेक्टरांच्या खोलीत हजर! "आमच्या मुलाला मारले" अशी त्यांची तक्रार होती. पुतणी मला म्हणाली, "काका, तीस मुले माझ्याकडे पाहत होती. मी करायचे तरी काय?"

तिचे बोलणे पुरे होते न होते तोच माझी मेहुणी उसळून म्हणाली, "आणि आमच्या पोरीने काय करायचे?" तिची मुलगी चौथीत आहे. एकदा गणित चुकले म्हणून शिक्षकांनी तिला वर्गासमोर 'गाढव' म्हटले आणि पूर्ण तास दाराशी उभे केले. तेव्हापासून सकाळी शाळेची पिशवी दिसली की मुलीचे पोट दुखू लागते. "तुम्हा मास्तर लोकांना एवढा अधिकार दिला कोणी?" असे तिने मलाच विचारले, कारण मीही जन्मभर मराठीचा मास्तर होतो.

वाचकहो, त्या दिवशी मला दोघींचेही म्हणणे खरे वाटले. म्हणूनच या प्रश्नावर शांतपणे विचार करावा असे मनात आले.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. "छडी लागे छमछम, विद्या येई घमघम" ही म्हण आपले पूर्वज कोकणातून येताना बरोबर घेऊन आले होते आणि येथे त्यांना छडीही तयार मिळाली. 'रोतें' हा शब्द ऐकून आजही पुष्कळ आजोबांचा तळहात आपोआप मिटतो. गंमत अशी की १९५७ सालच्या शिक्षण नियमांनीच या देशातील शाळांत शारीरिक शिक्षेस मनाई केली होती. म्हणजे आम्ही ज्या छड्या खाल्ल्या त्या नियमाबाहेरच्या होत्या! परंतु ते ना आमच्या आईबापांना ठाऊक होते, ना आम्हाला. घरी तक्रार केली तर "काहीतरी केले असशील" म्हणून आणखी दोन मिळत.

आता कायदा अधिक स्पष्ट झाला आहे. २०२० सालचा बालकांविषयीचा कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याप्रमाणे मुलाला शारीरिक अथवा अपमानास्पद शिक्षा करता येत नाही. हे बंधन केवळ शाळेला नाही, घरालाही आहे. भारतातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारास आणि मानसिक छळास बंदी केली आहे. तेव्हा छडी परत आणावी की नाही हा वाद आता संपला आहे, आणि तो संपला हे चांगलेच झाले असे माझे मत आहे.

मात्र छडी गेली म्हणजे शिस्तीची गरज गेली असे नव्हे. एका मुलाच्या उच्छादामुळे एकोणतीस मुलांचा तास वाया जातो, तेव्हा त्या एकोणतिसांवरही अन्यायच होतो. त्यांतील कित्येकांच्या घरी शिकविणारे कोणी नसते आणि खासगी शिकवणीला पैसेही नसतात. त्यांचे जे काही आहे ते त्या चाळीस मिनिटांतच आहे. म्हणून "मुलाला काही बोलूच नका" असे म्हणणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. प्रश्न एवढाच की शिक्षकाने कोठपर्यंत जावे?

माझ्या समजुतीप्रमाणे पहिली मर्यादा शरीराची आहे. रागाने मुलाच्या अंगाला हात लावू नये. चापट नाही, कान पिळणे नाही, उन्हात उभे करणे नाही. दोन मुले एकमेकांच्या अंगावर धावून गेली आणि शिक्षकाने त्यांना धरून वेगळे केले, तर ती शिक्षा नव्हे, तो बचाव आहे. तेवढा अधिकार शिक्षकाला असलाच पाहिजे. पण मुलगा वर्गातून निघून जात असेल तर त्याला जाऊ द्यावे आणि लगेच रेक्टरांना कळवावे. पुतणीला मी हेच सांगितले, "तू दंड धरलास तेथे तुझे चुकले. मात्र मोबाइल मागितलास तेथे तू शंभर टक्के बरोबर होतीस, आणि रेक्टरांनी त्या पालकांना हे दुसरे वाक्यही सांगायला हवे होते." ते त्यांनी सांगितले नाही. शिक्षकाची चूक दाखविताना मुलाची चूक झाकली गेली, आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी विजयी वीरासारखा वर्गात येऊन बसला.

दुसरी मर्यादा जिभेची आहे. 'गाढव', 'तुझ्या डोक्यात भुसा' असले शब्द, किंवा बापाच्या धंद्यावरून, जातीवरून, रंगावरून मारलेला टोमणा, हे सारे छडीच्याच जातीचे आहे. येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाळीसएक वर्षांपूर्वी माझ्या मराठीच्या वर्गात एक मुलगा होता. घरी सारे क्रिओल बोलत, म्हणून त्याला 'ळ' म्हणता येत नसे. 'शाळा' ऐवजी तो 'शाला' म्हणे. खोडकर होता, वर्गात सारखी चुळबुळ करी. एक दिवस कंटाळून मी त्याला पुढे बोलाविले आणि "जोपर्यंत नीट म्हणत नाहीस तोपर्यंत जागेवर जायचे नाही" असे सांगितले. तो म्हणत राहिला, मुले हसत राहिली, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. मी त्याला बोट लावले नव्हते. त्यानंतर तो वर्गात अगदी शांत झाला, आणि मला वाटले, शिस्त लागली!

कॉलेजात गेल्यावर त्याने मराठी घेतली नाही. आज तो मोठा माणूस आहे, भेटला की नमस्कार करतो. त्याच्या दोन्ही मुलांनीही मराठी घेतली नाही. कारण मी कधी विचारले नाही, आणि विचारण्याचे धैर्यही मला झालेले नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या गोष्टीला महत्त्व आहे. गणिताचे शिक्षक कठोर निघाले तरी मुलाला गणित सोडता येत नाही. मराठी मात्र त्याला सोडता येते, आणि एका घराने सोडली की त्या घरात ती परत येणे कठीण असते. म्हणून मराठीच्या वर्गात क्रिओल शब्द तोंडातून गेला म्हणून दंड करणे किंवा शिक्षा म्हणून शंभर वेळा बाराखडी लिहायला लावणे मला मुळीच पटत नाही. जी भाषा आपण प्रेमाने द्यायची तिचीच शिक्षा केली तर मुलाने तिच्यावर प्रेम का करावे?

कोणी म्हणेल, "साने गुरुजींच्या श्यामला त्याच्या आईने मारले नव्हते काय?" होय, पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आईने मारले होते. पण त्या काळच्या त्या आईचा मार आणि आपला राग यांची तुलना करण्यापूर्वी स्वतः साने गुरुजी शिक्षक म्हणून कसे वागले ते पाहावे. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते न बोलता स्वतःच आवरू लागत. ते पाहून मुलेच ओशाळत. सर्वांनाच हे जमणार नाही, हे मला मान्य आहे. पण शिस्त लावण्यासाठी धाक हा एकच मार्ग आहे, हे म्हणणे यातून खोटे ठरते.

मग शिक्षा असावी कशी? ती चुकीशी जुळणारी असावी. बाकावर नाव कोरले तर बाक घासून स्वच्छ करावा. तास बुडविला तर सुटीनंतर बसून तो धडा पुरा करावा. शिवी दिली तर ज्याला दिली त्याची क्षमा मागावी. एकाच्या चुकीसाठी सर्व वर्गाला शिक्षा नको. आणि शिक्षा संपली की ती संपली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला इतरांप्रमाणेच प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर बरोबर आले तर तोंडभर शाबासकी द्यावी. माझी कसोटी साधी आहे. शिक्षेनंतर मूल पुन्हा वर्गात मनाने परत आले तर शिक्षा योग्य होती. ते शरीराने बाकावर आणि मनाने दाराबाहेर राहिले, तर शिक्षकाने मर्यादा ओलांडली असे समजावे.

शेवटी पालकांना एक विनंती. शाळेतून तक्रार आली की प्रथम मुलाचे ऐकावे, मग शिक्षकांचे ऐकावे, आणि मुलासमोर शिक्षकांचा पाणउतारा कधीही करू नये. शिक्षक खरोखर चुकले असतील तर हेडमास्तरांकडे जरूर जावे. माझ्या मेहुणीने जायलाच हवे होते, आणि आता ती गेलीही आहे. पण आपला मुलगा चुकला असेल तर त्यालाही बरोबर घेऊन जावे आणि आपल्यादेखत त्याला "चुकलो" म्हणू द्यावे. घर एका दिशेला आणि शाळा दुसऱ्या दिशेला ओढू लागली की मूल मधल्या वाटेने निसटते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या हातात आता छडी नाही. जीभ मात्र आहे, आणि तिच्यावर पहारा ठेवणारा इन्स्पेक्टर अजून जन्माला यायचा आहे. तो पहारा आपला आपणच ठेवू या. माझ्याकडून तो एक दिवस सुटला, आणि एका घरातून मराठी गेली.