सिंहस्थाआधी आपला फोन उघडा



जून २०१८ मध्ये मी नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत चौथीची वर्गशिक्षिका होते. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला होता. एका संध्याकाळी माझ्या नणंदेने मला एक संदेश पाठवला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, भिक्षेकऱ्यांच्या वेशात फिरते, किडन्या काढते, सावध राहा. सोबत एक व्हिडिओही होता. कणकेचे हात पुसून मी तो संदेश पालकांच्या ग्रुपवर टाकला. काळजीपोटीच टाकला. थोड्या वेळाने एका पालकाचं उत्तर आलं, ‘मॅडमनी टाकलंय म्हणजे खरंच असणार.’ ते वाचून मला बरं वाटलं होतं.

आमच्या वर्गातली बरीच मुलं खानदेशातल्या घरांतली. वडील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला, आजी-आजोबा साक्री, शिंदखेड्याकडे. नाशिकच्या ग्रुपवर संध्याकाळी पडलेली गोष्ट जेवणं उरकेपर्यंत गावाकडच्या ग्रुपवर पोचायची.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मंगळवेढ्याच्या बाजूची माणसं. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून ‘मुलं पळवणारे’ अशी आरोळी उठली. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांना ठार केलं. ती मारहाणसुद्धा लोकांनी मोबाइलवर चित्रित केली आणि पुढे पाठवली.

माझा संदेश राईनपाड्यापर्यंत गेला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. गेला नसेल असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. मग लक्षात आलं की तसाच संदेश ज्या कुणाच्या फोनवरून तिथे पोचला, ती व्यक्ती माझ्याहून वेगळी नसणार. तिलाही मुलांची काळजीच वाटली असेल.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रफीत कराचीची. तिथल्या एका संस्थेने पालकांना जागं करण्यासाठी ती बनवली होती. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्याकडे आली ती शेवट कापलेली. कुणीतरी कापली, आणि आम्ही हजारोंनी ती तशीच पुढे ढकलली.

राईनपाड्याची घटना घडली त्याच रात्री आपल्या मालेगावातही जमाव जमला होता. लहानगं मूल सोबत असलेल्या एका परक्या कुटुंबावर संशय घेतला गेला. पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर काढलं, म्हणून ते वाचले. आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांत हे घडलं.

पुढेही ते थांबलं नाही. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठार मारलं. त्याआधी त्या भागात चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. विचारायचा अवकाश, लोकांनी काठ्या उचलल्या. ते चौघे जिवंत राहिले, हे नशीब.

आता आपल्या नाशिकचा विचार करा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं सप्टेंबरात. त्र्यंबकेश्वरी शैव आखाडे, इकडे रामकुंडावर वैष्णव. भगवी वस्त्रं, जटा, भस्म, अनोळखी भाषा. हे साधू द्वारका चौकात, पेठ रोडला, गंगापूर रोडच्या वसाहतींत हिंडतील, तपोवनाचा रस्ता विचारतील, आणि बहुधा एखाद्या मुलालाच विचारतील. मुलांना कुणी हाक मारली की ती थांबतात, मोठी माणसं थांबत नाहीत. अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘दोन संशयित बाबा फिरताहेत, सगळ्यांनी खाली या’ असा एक संदेश पडला तर काय होईल, हे मी लिहून सांगायला नको.

गर्दीत तर अफवेला फोनही लागत नाही. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आवई उठली. लोकांनी गाडीतून उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने किमान १२ जणांचा बळी घेतला. आणि नाशिकला चेंगराचेंगरी म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर ३९ भाविक गेले. तेव्हा आपल्या खिशात व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून ही विनंती, आणि ती सर्वांत आधी त्यांना, ज्यांच्या शब्दाला त्यांच्या कामामुळे वजन आहे. शिक्षक, डॉक्टर, वकील, पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, पत्रकार, सोसायटीचे अध्यक्ष, मंडळांचे कार्यकर्ते, कांद्याच्या व्यापाऱ्यांचे आणि द्राक्ष बागायतदारांचे ग्रुप चालवणारे. आपल्याला वाटतं की कामाचा फोन वेगळा आणि घरचा वेगळा. पण लोक तसं मानत नाहीत. डॉक्टरसाहेबांनी रात्री अकरा वाजता भाच्यांच्या ग्रुपवर टाकलेलंही ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणूनच पुढे जातं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. नणंदेकडून आलेला निनावी संदेश माझ्या हातून गेला आणि शाळेचा झाला.

आज जेवणानंतर अर्धा तास काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधाच्या जागी ‘टोळी’, ‘किडनी’, ‘सावधान’, ‘सर्वांना पाठवा’ असे शब्द एकेक करून टाका. मग फक्त आपण पाठवलेले संदेश वाचा. दुसऱ्यांचे नकोत. मी हे केलं तेव्हा माझ्या नावावर एकोणीस निघाले. त्यातल्या एकाचीही मी खात्री करून घेतलेली नव्हती. एका संदेशात तर एका माणसाचा फोटो होता, ‘हा दिसला तर पकडा’ असा. तो कोण होता, पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्याच्या घरच्यांचा विचार आजही मनातून जात नाही.

संदेशावर दोन बाण दिसले तर तो महत्त्वाचा आहे असं समजू नका. त्याचा अर्थ इतकाच की तो पुष्कळ हातांतून आला आहे आणि मुळात कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नाही. राईनपाड्याच्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून असा दोन बाणांचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण एकेक करून पाठवणाऱ्याला कोण अडवणार?

ग्रुपच्या अ‍ॅडमिनना वेगळं सांगते. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्या निकालाच्या आड कृपा करून बसू नका. स्नानाच्या दिवसांत ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरा. कुणावर खरोखर संशय आला तर ११२ वर फोन करा. ग्रुपवर टाकू नका. स्वतः खाली उतरून चौकशी करायला तर मुळीच जाऊ नका.

शेवटी सर्वांत अवघड गोष्ट मागते. नुसतं खोडू नका. जिथे टाकलं होतं, त्याच ग्रुपवर पुन्हा लिहा. माझा जुना पालक-ग्रुप अजून आहे. ती मुलं आता कॉलेजात गेली, पण आई-वडील आहेत. मी तिथे हे लिहिलं आहे. आपल्याला शब्द सुचत नसतील तर हेच घ्या, तारीख तेवढी बदला:

‘जून २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीबद्दलचा संदेश मी या ग्रुपवर टाकला होता. मी त्याची कसलीही खात्री केली नव्हती. तो व्हिडिओ आपल्या भागातला नव्हता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून तो पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवला त्यांना माझ्या नावानिशी हे कळवा.’