पाळणा नंतर, आधार आधी

उकिरड्यावर तान्हं मूल सापडलं की बातमीचा मथळा ठरलेला: 'निर्दयी मातेचे कृत्य'. मुलाच्या बापाला मथळ्यात जागा नसते.

१८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला जाब न विचारता त्यांनी तिच्या गुपचूप बाळंतपणाची सोय केली. १९९२ मध्ये तमिळनाडू सरकारनं पाळणा योजना आणली. त्यानं मूल जगेल. पण आईवरचं संकट तसंच राहतं.

आपल्याकडे सावित्रीबाईंच्याच नावाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये. एकल पालकांची मुलंही तीत बसतात. पण त्यासाठी अर्ज, दाखले, गृहचौकशी, बाल कल्याण समितीचा आदेश! घरातून हाकललेली ओली बाळंतीण हे कधी करणार?

२०१५ चा बाल न्याय कायदा मूल समितीकडे सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत तिच्या हातात पैसा नाही, डोक्यावर छप्पर नाही. मग फेरविचार कसला करणार?

म्हणून मागणी साधी आहे. अनुदानाचा पहिला हप्ता दवाखान्यातच मिळावा, नाव गुप्त राहावं, कागदपत्रं मागाहून व्हावीत. एवढं करूनही तिनं मूल द्यायचं ठरवलं, तर तिला दोष नको.

मैत्रिणींनो, आपापल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा: बालसंगोपनाचे किती अर्ज पडून आहेत, आणि कधीपासून?