आपसात मिटवा म्हणण्याआधी

सोसायट्यांच्या कारभारावर या सदरात काही लिहिलं की पत्रं येतात आणि त्यांत एक सल्ला हमखास असतो: नव्याने राहायला आलेल्या तरुण जोडप्यांनी थोडं जुळवून घ्यावं. या आठवड्यातही तो आला. सल्ला देणारी माणसं वडीलधारी आहेत आणि त्यांनी भलं चिंतूनच तो दिलाय, याबद्दल मला शंका नाही. पण तो मला खटकतो, आणि का खटकतो ते एकदा नीट मांडायला हवं. चेअरमन हेच सांगतो, पोलीस चौकीतला हवालदार हेच सांगतो, मुलीचे आईवडीलही फोनवर हेच सांगतात. या सल्ल्यामागे एक गृहीत आहे, की जे चाललंय ते दोन घरांमधलं भांडण आहे. भांडण ओळखायची खूण अगदी साधी असते. भांडणात समोरच्याला काहीतरी हवं असतं: टीव्हीचा आवाज कमी हवा असतो, गाडी हात-दोन हात मागे हवी असते. ते मिळालं की भांडण संपतं, निदान थंडावतं. शेजाऱ्यांनी मांडलेल्या छळात असं होत नाही. नवराबायकोने आवाज कमी केला, चपलांचं स्टँड पॅसेजमधून आत घेतलं, गाडी गेटबाहेर रस्त्यावर लावायला सुरुवात केली, तरी दुसऱ्या दिवशी नवी तक्रार हजर असते. कारण मागणी एकच असते आणि ती कुणी तोंडाने बोलून दाखवत नाही: तुम्ही इथून जा. जिथे ही मागणी आहे तिथे जुळवून घेणं म्हणजे हप्त्याहप्त्याने घर सोडणं.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात लेव्हिटाऊन नावाची सतरा हजारांहून जास्त घरांची नवी वसाहत उभी राहत होती. बांधणारी कंपनी फक्त गोऱ्या कुटुंबांनाच घरं विकत असे. ऑगस्ट 1957 मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या तरुण कृष्णवर्णीय जोडप्याने तिथलं एक घर आधीच्या मालकाकडून विकत घेतलं. विल्यम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होता, डेझीचं शिक्षण शिक्षिकेचं होतं, पदरात तीन लहान मुलं होती. कुटुंब आल्याची बातमी वसाहतीत पोहोचली ती टपाल वाटणाऱ्याकडून. रात्रीपर्यंत घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, दगड आले, पुढच्या खोलीची काच फुटली. स्थानिक पोलिसांना जमाव आवरेना. अखेर गव्हर्नर जॉर्ज लीडर यांना राज्याचे पोलीस पाठवावे लागले.

दगडफेक थांबली आणि खरा छळ सुरू झाला, तो इथे आपल्याला जास्त उपयोगाचा. विरोधकांनी मायर्स कुटुंबाच्या घराला लागून असलेलं रिकामं घर हाताशी धरलं आणि तिथे आपला अड्डा केला. त्यावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा लावला. गुलामीच्या काळातली गाणी मोठ्या आवाजात तासन् तास लावली. रात्री-अपरात्री टोळक्याने घरापुढून फेऱ्या, फोनवरून शिव्या आणि धमक्या. यातल्या बऱ्याचशा गोष्टी एकेक करून तपासल्या तर सांगा, गुन्हा कुठला? हक्काच्या जागेवर झेंडा लावणं हा गुन्हा नाही. आपल्या खोलीत गाणी लावणं नाही. सार्वजनिक रस्त्याने चालणं तर नाहीच. छळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते कायद्याच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून काम करतात. पेनसिल्व्हेनियाच्या अॅटर्नी जनरलनी दोनेक महिन्यांनी केलं ते एवढंच, की या सगळ्या सुट्या घटनांची बेरीज केली. पुढाऱ्यांची नावं घेऊन ते न्यायालयात गेले आणि म्हणाले, हा एका कुटुंबाला हुसकावून लावण्याचा ठरवून केलेला कट आहे. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्यानंतर अड्डा उठला, गर्दी पांगली आणि मायर्स कुटुंब तिथे पुढे काही वर्षं राहिलं. शेजाऱ्यांची मनं त्या हुकमाने बदलली असतील असं मी म्हणत नाही. त्यांचे हात थांबले, आणि डेझी मायर्सला तेवढंच हवं होतं.

इथे लुईस आणि बी वेक्सलर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते मायर्स कुटुंबाचे लगतचे शेजारी, ज्यू जोडपं. हे घर विकत घेण्यात त्यांची मदत होती आणि गर्दी जमली तेव्हा ते उघडपणे मायर्स यांच्या बाजूने उभे राहिले. त्याबद्दल त्यांच्या घराच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची अक्षरं रंगवली गेली. म्हणजे पीडितांइतकाच राग त्यांच्याशी माणुसकीने वागणाऱ्यांवर. यातच छळाची सगळी यंत्रणा दिसते. सतरा हजार घरांपैकी गर्दीत होते काहीशे लोक. बाकीचे तटस्थ राहिले, आणि ते तटस्थ राहावेत याचीच तजवीज त्या रंगवलेल्या अक्षरांनी केली. आपल्या इमारतींत भिंती रंगवाव्या लागत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नवं जोडपं मनापासून आवडतं, पण त्या जिन्यात कुणी नसेल तेव्हाच दोन शब्द बोलतात. त्यांच्या बाथरूमची गळती कमिटीच्या मान्यतेवाचून दुरुस्त होणार नसते, मुलाने फ्लॅट भाड्याने द्यायचा तर कमिटी ना हरकत प्रमाणपत्र मागते, इमारत पुनर्विकासाला जायची बोलणी चालू असतात. निवेदनाचा कागद दारी येतो तेव्हा त्या सही करतात. त्यांना मी भित्र्या म्हणणार नाही. त्यांची भीती खरी आहे, आणि ती ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी निर्माण केली आहे. सोसायटीत 40 सह्यांचं निवेदन निघतं तेव्हा 40 घरांचा द्वेष त्यात नसतो. चार-पाच घरांचा द्वेष असतो आणि उरलेल्यांची अडचण असते. म्हणूनच लगतच्या घरातलं एक माणूस उघडपणे बाजूने बोललं तर त्याचं मोल पोलीस बंदोबस्ताइतकंच असतं. वेक्सलर यांच्यासारखेच इतरही काही गोरे शेजारी पुढे डेझीच्या घरी येऊन बसू लागले, फोन घेऊ लागले. ती मदत नसती तर न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत त्या घरात टिकणं किती कठीण झालं असतं, याची कल्पना करून पाहा.

आपल्याकडे ही सत्ता रबरी शिक्क्यासह येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची कमिटी हे शेजाऱ्यांचंच मंडळ, पण पार्किंग, पाण्याची वेळ, गेटवरची नोंदवही, मेंटेनन्सची पावती, सूचना फलक हे सगळं तिच्या ताब्यात. मोलकरणीला गेटवर थांबवायचं, पार्सल देणाऱ्याला वर सोडायचं नाही, थकबाकी नसताना थकबाकीदारांच्या यादीत नाव लावायचं: नव्या घराचा श्वास कोंडायला एवढं पुरतं. आणि हे नेमकं तरुण जोडप्याच्या वाट्याला का येतं? जात किंवा धर्म वेगळा असलेल्या दोघांनी लग्न केलेलं असतं, किंवा लग्न न करता ते एकत्र राहत असतात, किंवा नुसतं त्यांचं स्वयंपाकघर शेजारच्या स्वयंपाकघरासारखं नसतं. घरात म्हातारं माणूस नाही, दोघं दिवसभर कामावर, जवळ नातेवाईक नाहीत. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर, घर घेताना सहा-सात टक्के नुसतं मुद्रांक शुल्क भरलेलं. ते विकून दुसरीकडे जा म्हणणं सोपं आहे. नव्या घराच्या दस्तावर तेवढंच शुल्क पुन्हा भरावं लागतं. आणि हे हुसकावणं आजचं नाही. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. त्याच वडोदऱ्यात 2024 मध्ये, सरकारी योजनेतून रीतसर घर मिळालेल्या एका मुस्लिम महिलेने संकुलात राहायला येऊ नये म्हणून तिथले रहिवासी निदर्शनं करत होते. पहिल्या प्रसंगी संस्थानची नोकरी कामी आली नाही, दुसऱ्या प्रसंगी सरकारी वाटपपत्र.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. जुन्या रहिवाशांनाही शांततेचा हक्क नाही का? आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा दिली आहे, सोसायटीचे उपविधी आहेत. नवं बिऱ्हाड ते मोडत असेल तर तक्रार जरूर करावी, फक्त ती सर्वांना लागू असलेल्या नियमावर बोट ठेवून करावी. दुसरा आक्षेप घराच्या किमतीचा. लेव्हिटाऊनमध्येही लोक हेच म्हणत होते, की आयुष्याची कमाई घरात घातली आहे, असले शेजारी आले तर भाव पडतील. ही चिंता खोटी नव्हती. कारण गृहकर्जाला हमी देणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेनेच मिश्र वस्त्यांना वर्षानुवर्षं कमी दर्जाचं ठरवलं होतं. म्हणजे शेजाऱ्यांच्या मनातली भीती सरकारने कागदावर पोसली होती आणि तिचा दंड भरायचा मायर्स कुटुंबाने. तिसरा आक्षेप कायद्यातलाच आहे: 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाशी मी सहमत नाही. पण तो मान्य करूनही, सभासद कोण व्हावा हा एक प्रश्न, आणि सभासद झालेल्या किंवा रीतसर भाड्याने राहणाऱ्या माणसाचं जगणं अशक्य करणं हा अगदी वेगळा. या दुसऱ्या गोष्टीची परवानगी कुठल्याच न्यायालयाने दिलेली नाही.

आता मुद्दा आपल्या चौकीतला. धमकी, शिवीगाळ यांची नोंद बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणून होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. उपनिबंधकाकडे जावं तर तो हिशेब आणि दप्तर बघतो, धमकीसाठी पोलिसांकडे बोट दाखवतो. पाण्याची तक्रार महापालिकेकडे, वादाचं प्रकरण सहकार न्यायालयाकडे. एकाच छळाचे तुकडे चार खिडक्यांवर वाटले जातात आणि बेरीज कुठेच होत नाही. अमेरिकेने 1968 च्या कायद्यात घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी घालताना हेही लिहून ठेवलं, की घराचा हक्क बजावणाऱ्याला धमकावणं, त्यात अडथळा आणणं हेच मुळात बेकायदा आहे, मग ते मालकाने केलेलं असो की शेजाऱ्याने. आपल्यालाही हे अपरिचित नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो कायदा 2016 चा, 2017 मध्ये अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकी आणि जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या माणसाला त्याने आधार दिला. पण त्यातला समाज म्हणजे एका धर्माचा किंवा जातीचा समूह. पाच जातींच्या माणसांनी मिळून सहाव्या जातीच्या जोडप्याला एका इमारतीत वाळीत टाकलं तर ते त्या व्याख्येत बसत नाही. ती व्याख्या गृहनिर्माण संस्थेपर्यंत रुंदावावी, एवढी माझी मागणी आहे. त्यावर म्हणतील, खोट्या तक्रारी वाढतील. वाढू शकतात. म्हणूनच तक्रार एका प्रसंगावर न घेता प्रसंगांच्या मालिकेवर घ्यावी. तारखा, पावत्या, सूचना फलकाचे फोटो, ग्रुपवरचे संदेश, गेटची नोंदवही हे सगळं एका अर्जात यावं आणि एकाच अधिकाऱ्याने वाचावं. खऱ्या छळाचा पुरावा सोसायटीच्या दप्तरातच, सही-शिक्क्यासह असतो, आणि साध्या भांडणाचा अर्ज याच तपासणीत गळून पडेल.