भोकं कशाला हवीत?

आमच्या कोकणातल्या घरामागे दरड आहे, आणि दरडीला लागून असलेल्या खोलीत आई निजते. पाऊस लागला की रोज टोपलीभर माती खाली येते. म्हटलं, जांभ्या चिऱ्याची संरक्षक भिंत बांधावी. कचेरीत गेलो. सातबारा, नकाशा, संमतीपत्र, सगळं तीन प्रतींत दिलं. साहेबांनी लांबी विचारली, उंची विचारली, आजोबांचं नावसुद्धा विचारलं. फक्त ‘पाण्याला वाट ठेवलीत का हो?’ हे काही विचारलं नाही.

आमचा गवंडी चौथीपर्यंत शिकलेला; पण नुसत्या मातीपेक्षा मागे तुंबलेलं पाणी भिंतीला पाडतं, हे त्याला ठाऊक! म्हणून भिंतीत भोकं ठेवायची, मागे खडी भरायची. २०१९ च्या पावसात मालाडला आणि कोंढव्याला भिंती माणसांवर कोसळल्या, त्या काय अर्जाची चौथी प्रत नव्हती म्हणून?

परवानगी नको, असं नाही. भिंत ढासळली तर वरच्या शेजाऱ्याचा माड आमच्या स्वयंपाकघरात यायचा! पण मग तपासा ना नीट! कागदाला भोकं पाडून फायलीत लावता, तशी भिंतीलाही आहेत का, बघा.

तोवर आईची खाट पुढच्या ओटीवर आणलीय. तिला अजून तरी परवाना लागत नाही.