‘केमिकल-फ्री’ चेहरा आणि आनेकलचे पाणी

‘घरी बनवा, केमिकल टाळा, संवेदनशील त्वचा वाचवा.’ ही घोषणा आता सौंदर्याच्या पानांपुरती उरलेली नाही. विज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या पानांवरही ती ‘पारंपरिक ज्ञानाला विज्ञानाचा दुजोरा’ अशा थाटात फिरते. तिच्याखालची कृती बहुधा ठरलेली असते : बेसन, दही, लिंबाचा रस, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि उरलेले मिश्रण फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, असे आश्वासन. या कृतीचा प्रतिवाद व्हायलाच हवा, कारण तिचा त्रास ज्यांना सर्वांत आधी होतो, त्यांच्याच नावाने ती खपवली जाते.

प्रथम मोजमाप. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. या आम्लधर्मी आवरणाचे वर्णन मार्किओनिनी आणि शाडे यांनी १९२८ मध्येच केले होते. सामू ही लघुगणकी मोजपट्टी आहे, हे अकरावीचा विद्यार्थीही जाणतो. त्यावरची एक पायरी म्हणजे दहापट फरक. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, म्हणजे त्वचेच्या तुलनेत सुमारे हजारपट अधिक आम्ल. खाण्याच्या सोड्याचे द्रावण ८.३ च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या दिशेला दोन हजारपट. दोन्ही एकत्र केल्यावर जो फेस उसळतो, त्याला ‘खोलवर सफाई’ म्हटले जाते. वास्तविक तो कार्बन डायऑक्साइड असतो आणि मागे सोडियम सायट्रेट उरते. शिवाय लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फुरोकुमारिन ही संयुगे असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडले, तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

मग साबण निर्दोष ठरतो का? मुळीच नाही, आणि घरगुती कृतींच्या समर्थकांचा मूळ संताप इथे रास्त आहे. पारंपरिक साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्वचेपासून तब्बल दहा हजार ते लाखपट दूर. त्वचेतील सेरामाइड तयार करणारी विकरे आम्लधर्मी वातावरणात उत्तम चालतात. अल्कधर्मी वातावरणात ती मंदावतात आणि पेशींचे दुवे तोडणारी विकरे जोर धरतात. अल्कली प्रथिनांचे काय करते, हे आनेकलच्या रेशीम-परंपरेला वेगळे सांगावे लागत नाही : कच्च्या रेशमावरचे सेरिसिन साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यातच काढले जाते. बाजारातल्या बाटल्याही साव नाहीत. मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने इतक्या लोकांना ॲलर्जी दिली, की २०१३ मध्ये अमेरिकेतील संपर्कत्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवले. परंतु कारखान्याचा दोष सिद्ध झाल्याने स्वयंपाकघर आपोआप निर्दोष ठरत नाही.

आनेकलचे उदाहरण येथे उपयोगी आहे. बंगळूरु नगर जिल्ह्यातील हा तालुका बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींनी वेढलेला आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात तो ‘अतिशोषित’ गणला जातो, आणि अनेक घरांची भिस्त बोअरवेल व टँकरवर असते. कठीण खडकातून आलेले पाणी बऱ्याचदा दुष्फेन, बोलीत ‘जड’, असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. अशा पाण्यात साबणाचा कॅल्शियम-साका बनतो आणि तो बादलीप्रमाणे गालावरही बसतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ८० जणांवरील प्रयोगात दिसले, की कठीण पाण्यात धुतल्यावर प्रक्षालकाचा अंश त्वचेवर अधिक राहतो आणि जळजळ वाढते; फिलॅग्रिन जनुकात दोष असणाऱ्यांना त्याचा त्रास अधिक. इथेही घाई नको : २०११ मध्ये एक्झिमाच्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून पाहिली, तेव्हा आजाराच्या तीव्रतेत मोजता येण्याजोगा फायदा आढळला नाही. म्हणजे पाणी हे एक कारण आहे, सर्व कारण नव्हे. पण ‘घरगुती’ कृती सांगणाऱ्याला, ती ज्या पाण्याने धुतली जाणार त्याची चौकशीही करावीशी वाटत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा प्रथिनांचा. जपानमध्ये जलविच्छेदित गहू-प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण खपत होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. पूर्वी निर्धास्तपणे पाव खाणाऱ्यांना तो खाल्ल्यावर धाप लागू लागली. २०११ मध्ये साबण परत मागवावा लागला. अन्न पोटातून गेले तर शरीर त्याला सहसा स्वीकारते. फुटलेल्या त्वचेतून गेले तर तेच अन्न शत्रू म्हणून नोंदले जाऊ शकते. भारतात हा धोका परका नाही : हरभरा हा भारतीय उपखंडातील महत्त्वाचा अन्न-ॲलर्जेन असल्याचे पाटील, निफाडकर आणि बापट यांनी २००१ मध्ये दाखवले होते. निरोगी त्वचेच्या माणसाने दिवाळीला उटणे लावावे, त्यात काही बिघडत नाही. पण एक्झिमाने सोललेल्या गालावर रोज बेसन-दही चोळण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

आणि तो फ्रीजमधला आठवडा! पाणी, प्रथिन, साखर आणि परिरक्षकाचा अभाव, हे सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी प्रयोगशाळेत मुद्दाम जमवले जाणारे साहित्य आहे. थंडीने वाढ मंदावते, थांबत नाही.

मग सौम्य सफाई घरी शक्यच नाही का? आहे, फक्त ती दिसायला नीरस आहे. सकाळी कोमट पाणी आणि स्वच्छ हात बहुतेक संवेदनशील चेहऱ्यांना पुरतात. संध्याकाळी धूळ-तेल काढायला सुगंधविरहित, त्वचेच्या सामूजवळचा, साबणरहित वडीरूप वा द्रवरूप प्रक्षालक हवा. तेलानेच मेकअप उतरवायचा असेल तर साधे सूर्यफूल तेल. २०१३ च्या एका तुलनेत ऑलिव्ह तेलाने त्वचेचे आवरण कमकुवत केले, सूर्यफूल तेलाने केले नाही. जिगणीच्या ग्रॅनाइट कारखान्यातून परतणाऱ्या कामगाराने आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. धूळ भरलेल्या चेहऱ्यावर भरड पीठ घासणे म्हणजे घर्षण दुप्पट करणे. नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे. चट्टे, पाणी सुटणे किंवा भेगा असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

स्वतःसाठी काही बनवणे हा ज्याचा-त्याचा प्रश्न. तेच मिश्रण बरणीत भरून ‘केमिकल-फ्री’ म्हणून विकणे मात्र कायद्याचा प्रश्न आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार उत्पादनाला परवाना आणि वेष्टनावर घटकांची यादी लागते. विज्ञानाच्या पानांनी निदान इतके पथ्य पाळावे : पुढची कृती छापण्यापूर्वी तिचा सामू किती, ती किती तास टिकते आणि ती कोणाच्या त्वचेवर तपासली, हे तीन प्रश्न विचारावेत. सामू-पट्टी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. विद्यार्थ्यांनी अशी एखादी कृती स्वतः मोजून तो आकडा त्या पोस्टखाली लिहावा.