पानांचा अर्क, काचेची बशी आणि आपले उत्तरदायित्व

पदव्युत्तर प्रबंध असोत वा वनस्पतिशास्त्राच्या विभागांतून निघणारे शोधनिबंध असोत, अलीकडे एक विषय वारंवार दृष्टीस पडतो : अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचे कर्करोगविरोधी व जंतुविरोधी गुणधर्म. कडुनिंब, तुळस, अडुळसा, निर्गुंडी अशा नित्य परिचयाच्या वनस्पती या कसोटीस लागत आहेत. या उद्योगाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु प्रयोगशाळेतील निष्कर्ष ज्या वेगाने औषधाच्या वेष्टनावर जाऊन बसतो, तो वेग आम्हांस चिंताजनक वाटतो.

या संदर्भात सदाफुलीचा इतिहास बोधप्रद आहे. ही वनस्पती मूळची मादागास्करची; बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नाही. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत, म्हणून कॅनडातील नोबल व बीअर यांनी ती पाने तपासावयास घेतली. तोंडावाटे दिलेल्या अर्काने प्राण्यांची रक्तशर्करा उतरली नाही. मात्र तोच अर्क टोचल्यावर त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या व ते जंतुसंसर्गाने दगावले. या निरीक्षणातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिनचा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन हाती आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते.

पण येथेच थांबून हिशेब मांडावा. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागत, असे सांगितले जाते. प्रौढाची एका वेळची मात्रा साधारणतः २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते आणि ती शिरेवाटेच दिली जाते. म्हणजे एका मात्रेमागे एक किलो शुष्क पाने! सकाळी चार पाने चावून कर्करोग बरा होईल असे समजणाऱ्यास हे गणित पुरेसे आहे. उलट मधुमेहासाठी ही पाने मनास येईल तशी खाणाऱ्यांनी, आपण तीव्र वीर्याच्या द्रव्याशी खेळत आहोत, हे ध्यानी घ्यावे.

काचपात्रातील प्रयोगांचेही तसेच. एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम अर्क असता निम्म्या कर्कपेशी मेल्या, असा निष्कर्ष आला असे समजू. शरीरातील जलांश ४० लिटर धरला, तर तेवढ्या तीव्रतेसाठी ४ ग्रॅम अर्क संपूर्ण शोषला जाऊन एकाच वेळी शरीरात टिकला पाहिजे. जठराग्नी व यकृत यांतून पार पडणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत हे संभवत नाही. शिवाय त्याच तीव्रतेत निरोगी पेशी जगल्या की मेल्या, हा प्रश्न उरतोच. जंतुविरोधी परीक्षेत बशीवर उमटणारे स्वच्छ वर्तुळ मोठे दिसले, म्हणून द्रव्य प्रभावी ठरत नाही. वर्तुळाचा व्यास अर्क माध्यमात किती पसरतो यावरही अवलंबून असतो. कषायरसप्रधान पानांतील टॅनिने प्रथिनांना बांधतात, त्यामुळेही फसवे निष्कर्ष येऊ शकतात.

आम्हांस सर्वांत खटकते ती गोष्ट निराळीच आहे. प्रयोगशाळा पाने मिथेनॉल वा ॲसिटोनमध्ये भिजविते. वैद्य मात्र स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट देतो. मिथेनॉलमध्ये उतरणारे द्रव्य क्वाथात उतरेलच असे नाही. आपल्या शास्त्रात ‘अर्क’ म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रव. प्रयोगशाळेचा ‘अर्क’ तो नव्हे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळी पाने वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावीत असे सांगितले आहे. पण किती निबंधांत पाने कोणत्या ऋतूत खुडली याची नोंद असते? ज्या द्रव्याची ओळख, संग्रहकाल व कल्पना निश्चित नाही, त्याच्या गुणांविषयीचा निष्कर्ष आयुर्वेदाचा म्हणता येणार नाही.

औषधालयाच्या मालकांस आमची विशेष विनंती आहे. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. अशा जाहिरातीस कायद्याने मनाई आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट रुग्णाची आहे. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण चूर्णाची डबी पुढे करून ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलू का?’ असे विचारतो, तेव्हा त्या डबीवरील एका शब्दाची किंमत कळते. पहिल्या अवस्थेतील गाठ वेष्टनाच्या भरवशावर वाढत गेली, तर तो काळ कोणतेही रसायन परत आणून देऊ शकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. परीक्षा अवश्य व्हाव्यात. पण वैद्य देतो त्या क्वाथाच्या व स्वरसाच्या व्हाव्यात, निरोगी पेशींशी तुलना करून व्हाव्यात, वनस्पतीचा प्रमाणित नमुना जपून ठेवून व्हाव्यात. निष्प्रभ ठरलेल्या पानांचे निष्कर्षही प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याची दोन वर्षे वाचतील. आणि रुग्णावरील शास्त्रशुद्ध चाचणी होईपर्यंत ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द प्रयोगशाळेच्या वहीतच राहावा. आयुर्वेदाची प्रतिष्ठा त्याने उणावणार नाही. आपल्या शब्दावर विसंबणाऱ्या रुग्णाच्या ठायी ती वाढेलच.