आमचे मराठी कागद अंधांसाठी मुके का?

सीमाभागातील मराठी माणसाला शासकीय कागद मराठीत मिळावेत, असा आग्रह आम्ही धरतो. तो न्याय्यच आहे. जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही काढाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांबाबत देशपातळीवर मान्य झालेले तत्त्व आहे. परंतु ज्या मराठी माणसाला दृष्टी नाही, त्याच्या हाती आम्ही स्वतः काय ठेवतो?

स्क्रीन रीडर काळाच्या मागे पडला, ही तक्रार अर्धीच खरी आहे. ‘एनव्हीडीए’ २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने लिहावयास घेतला. तो विनामूल्य आहे आणि मराठी वाचतो. आवाज यांत्रिक खरा, पण कळतो. अडते ते आमच्या मजकुरापाशी. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टात पडद्यावर ‘कमल’ दिसते. आत मात्र ‘डी, ई, वाय’ ही इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. डोळस माणूस फसतो, यंत्र फसत नाही. जे आत आहे तेच ते प्रामाणिकपणे वाचते. कागद स्कॅन केलेला असेल तर तेही नाही. चित्रापुढे ते गप्प बसते. संकेतस्थळांची आणखी एक तऱ्हा. पानाची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगण्यास ‘एमआर’ ही दोन अक्षरे पुरतात. ती नसली की देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून आपली ‘चूल’ आणि आपले ‘झाड’ हिंदी उच्चारात ऐकू येण्याची पाळी येते. मराठीच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी लढणाऱ्यांना हे खुपत कसे नाही?

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ शासनावर सुगम स्वरूपातील मजकुराची जबाबदारी टाकते. सुगम्यतेची मानके ऐच्छिक ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिनियमाशी विसंगत ठरवला. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सुगम्यता अनुच्छेद २१ च्या हक्काचा भाग मानली. शासनाला हे बजावायलाच हवे. मात्र चळवळीची पत्रके आजही जुन्या फॉन्टात निघतात आणि निवेदने शिक्क्यासह स्कॅन होऊन फिरतात. (शिक्क्याचा मोह आम्हा वकिलांनाच अधिक.)

यापुढील प्रत्येक निवेदनाची युनिकोड प्रत आधी प्रसृत व्हावी. सही-शिक्क्याची हवी असल्यास मागाहून जोडावी. जुनी पत्रके युनिकोडमध्ये बदलून देण्यासही माणसे हवीत, आणि बदललेला मजकूर तपासण्याचे काम स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकांकडेच द्यावे, मानधन देऊन.